मुलांचा गृहपाठ आणि पालकांची मदत : गोव्यातील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांत आणि पुढे इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळांत शिकणाऱ्या मुलांचे पालक पालक-शिक्षक संघाच्या सभांत जे प्रश्न विचारतात, त्यांपैकी गृहपाठासंबंधीचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे पहिली ते दहावीपर्यंतची मुले डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

गृहपाठ नक्की कोणी करायचा? मुलाने की पालकांनी?

मुलाने. शिक्षक वहीतून दोन गोष्टी पाहतात : वर्गात शिकवलेले मुलाला एकट्याने जमते का, आणि जमत नसेल तर ते कोठे अडते. पालकांनी उत्तर सांगून लिहायला लावले, किंवा पेन्सिलीने फिकट लिहून त्यावर गिरवून घेतले, की दुसरी गोष्ट झाकली जाते. वही देखणी दिसते, शिक्षक पुढचा धडा घेतात आणि न समजलेला भाग चाचणीच्या कागदावर उघडा पडतो. पालकांकडे मग तीन कामे उरतात : ठरलेली वेळ पाळली जाते ना हे पाहणे, बसायला जागा करून देणे आणि मुलाने काय केले ते त्याच्याच तोंडून ऐकणे. पहिली दोन कामे बहुतेक घरांत होतात. तिसरे राहून जाते, आणि खरी मदत त्यातच असते.

रोज किती वेळ गृहपाठ असावा?

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात याची मर्यादा सांगितलेली आहे. पहिली-दुसरीला गृहपाठ असूच नये. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवीला दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आणि नववीपासून पुढे दिवसाला जास्तीत जास्त दोन तास. त्याच धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. मद्रास उच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये पहिली-दुसरीच्या मुलांना गृहपाठ देऊ नये असा आदेश दिला होता.

लहान वर्गांना कमी गृहपाठ देण्यामागे केवळ दया नाही. अमेरिकेतील संशोधक हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये तेथील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा गृहपाठ आणि अभ्यासातील प्रगती यांचा संबंध सातवीपासून वरच्या वर्गांत बऱ्यापैकी स्पष्ट दिसला, प्राथमिक वर्गांत मात्र तो फारच क्षीण होता. तिसरीतल्या मुलाला रोज दोन तास वहीपुढे बसवून ठेवल्याने ते हुशार होईल, या समजुतीला आधार नाही.

प्रत्यक्षात मुलाला नियमितपणे याहून जास्त वेळ लागत असेल, तर दोन शक्यता असतात : काम खरोखरच जास्त दिलेले असते, किंवा काम बेताचेच असून मूल कोठेतरी अडकलेले असते. आठवडाभर रोज सुरुवातीची आणि शेवटची वेळ वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवली, तर यांपैकी काय घडते आहे हे कळते आणि शिक्षकांशी बोलताना हाती काहीतरी असते.

घरात कोकणी आणि शाळेत मराठी, यामुळे लहान वर्गातले मूल गोंधळते का?

थोडे गोंधळते, आणि ते स्वाभाविक आहे. पहिली-दुसरीच्या वहीत मराठी वाक्याला कोकणी क्रियापद लागलेले पुष्कळदा दिसते. मूल नियम शोधते आहे, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी घरात कोकणी बोलणे थांबवून मोडकीतोडकी पुस्तकी मराठी सुरू करण्याची काहीही गरज नाही. रोज दहा मिनिटे मराठी पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावे किंवा मुलाकडून वाचून घ्यावे आणि गोष्टीवर बोलणे घरच्या भाषेत करावे. तिसरीपर्यंत हा घोळ बहुतेक मुलांच्या बाबतीत आपोआप निवळतो.

पाचवीत सगळे विषय इंग्रजीत सुरू झाले आणि आम्हांला इंग्रजी फारसे येत नाही. आता मदत कशी करायची?

डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा या तालुक्यांतील सभांत हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि तो रास्त आहे. चौथीपर्यंत मराठीत शिकलेले मूल पाचवीत जाते तेव्हा एका जूनमध्ये त्याची गणित, विज्ञान आणि समाजशास्त्राची भाषा बदलते. माध्यमाच्या धोरणावर गोव्यात १९९० पासून पुष्कळ वाद झाला आहे. तो येथे उकरून काढत नाही, कारण रात्री आठ वाजता घरातला प्रश्न उद्याच्या सायन्सच्या वहीचा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे घाबरून जाऊ नये. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून असे मांडले, की बोलण्यापुरती नवी भाषा मुले साधारण दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकी अभ्यासाची भाषा पुरती हाती यायला पाच ते सात वर्षे लागतात. पाचवीच्या पहिल्या चाचणीत गुण घसरले म्हणून मूल ‘ढ’ झाले असे समजणे चुकीचे आहे. त्याला विषय येत असतो, प्रश्न कळलेला नसतो.

हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. गणिताच्या वहीत प्रश्न असतो : ‘अ फार्मर हॅज २४० कोकोनट्स. ही पॅक्स देम इन बॅग्ज ऑफ १५. हाऊ मेनी बॅग्ज डज ही नीड?’ मुलाच्या नजरेला २४० आणि १५ हे दोनच आकडे पडतात. ते गुणाकार करून ३६०० लिहिते आणि पुढच्या प्रश्नाकडे वळते. येथे आईला किंवा वडिलांना इंग्रजी यायला हवे असे अजिबात नाही. त्यांनी एवढेच म्हणावे : ‘वाक्य वाच आणि काय झाले ते मला सांग.’ मूल अडखळत सांगते, की शेतकऱ्याकडे नारळ होते, त्याने ते भरले... कशात भरले? पोत्यांत. एका पोत्यात किती? पंधरा. मग पोती जास्त होतील की नारळ? इथपर्यंत आल्यावर ३६०० पोत्यांचे त्याचे त्यालाच हसू येते आणि ते १६ हे उत्तर स्वतः काढते. या सगळ्या बोलण्यात पालकांनी भागाकार शिकवलेला नाही आणि एकाही इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितलेला नाही. मुलाने प्रश्न स्वतःच्या भाषेत पुन्हा उभा केला, आणि अडलेले काम नेमके तेच होते.

दुसरी गोष्ट, चौथीची मराठी पुस्तके रद्दीत घालू नयेत. पाचवीच्या गणितातले अपूर्णांक, परिमिती आणि मोजमाप यांची सुरुवात त्यांत झालेली असते. मूल इंग्रजी धड्यात अडले की आधी मराठी पुस्तकातले ते पान वाचू द्यावे आणि मग इंग्रजी पान उघडावे. प्रत्येक विषयाच्या वहीच्या शेवटी दोन रकाने आखून एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी संज्ञा लिहिण्याची सवय लावली, तर आणखी सोपे जाते : छेद आणि डिनॉमिनेटर, क्षेत्रफळ आणि एरिया, बाष्पीभवन आणि इव्हॅपोरेशन. ही यादी मुलाने स्वतः करावी. दुकानात छापील मिळते म्हणून ती विकत आणून दिली, तर कपाटात पडून राहते.

तिसरी गोष्ट म्हणजे उच्चार. पालक पुष्कळदा मुलाचे इंग्रजी वाचन ऐकत नाहीत, कारण आपल्याला चूक कळणार नाही असे त्यांना वाटते. चूक कळली नाही तरी ऐकावे. मूल कोठे थांबते, कोणता शब्द गिळून पुढे जाते, हे ज्याला इंग्रजी येत नाही त्यालाही ऐकू येते. तेवढ्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढून दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारायला सांगावे.

शाळा दीडच्या सुमारास सुटते. अभ्यासाला कोणती वेळ बरी?

जेवल्याबरोबर लगेच नको, आणि रात्री दहानंतर तर नकोच. बालरथातून, म्हणजे शाळेच्या बसमधून, घरी आलेले मूल जेवून अर्धा-पाऊण तास आडवे झाले, मग खेळले आणि साडेचार-पाचला किंवा दिवेलागणीनंतर बसले, तर त्याचे लक्ष लागते. घराघरांत वेळ वेगळी असेल, पण एका घरात ती रोज तीच असावी. ‘आता बस’ म्हणून रोज भांडण होते ते बहुधा वेळ ठरलेली नसते तेथेच.

झोपेचा हिशेब मात्र सोडू नये. झोपेच्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सहाला उठून शाळेची तयारी करणाऱ्या चौथीच्या मुलाने नऊ वाजेपर्यंत अंथरुणात असायला हवे. अर्धवट राहिलेला गृहपाठ साडेदहापर्यंत ओढून पुरा करण्यापेक्षा ‘एवढा झाला, पुढे झोप आली’ असे डायरीत लिहून द्यावे. समंजस शिक्षक याचा राग धरत नाहीत.

घरात वेगळी खोली नाही. चालेल का?

चालेल. जेवणाचे टेबल, बलकांव (दारापुढची बैठकीची ओसरी), व्हरांडा, काहीही चालते; फक्त त्या वेळेत टीव्ही बंद असावा आणि पेन्सिल, पट्टी, खोडरबर हाताशी असावे. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा चार्ज केलेला दिवा तयार ठेवावा. एवढ्यासाठी नवे अभ्यासाचे टेबल विकत आणण्याची गरज नाही.

मुलाचे उत्तर चुकलेले दिसते. सांगावे की नाही?

चूक आहे एवढे सांगावे. बरोबर उत्तर सांगू नये. या दोन गोष्टींतले अंतर फार मोठे आहे.

सहावीच्या वहीत हमखास सापडणारी एक चूक पाहू. मूल १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ अशी लिहिते : वरच्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. पालकांना स्वतःला रीत आठवत असेल तर ते लगेच म्हणतात, ‘अरे, छेद समान कर, सहा घे, तीन अधिक दोन पाच, पाच षष्ठांश.’ मूल ५/६ लिहिते, विषय संपतो आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते, कारण २/५ का चूक आहे हे त्याला कोणी विचारलेच नाही.

त्याऐवजी असे बोलणे व्हावे :

‘अर्धी भाकरी तू खाल्लीस. मग आणखी एक तृतीयांश खाल्लीस. एकूण अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?’

‘जास्त.’

‘तुझे उत्तर दोन पंचमांश. ते अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?’

येथे थांबावे. मूल कागदावर पाच भागांचा गोल काढेल, दोन भाग रंगवेल आणि दोन पंचमांश अर्ध्याहून कमी भरतात हे स्वतः पाहील. खाल्ल्यावर भाकरी कमी कशी झाली, या कोड्यात पडलेले मूल छेद समान करण्याची रीत मग कंटाळून शिकत नाही. त्याला तिची गरज वाटू लागते. याला दहा मिनिटे लागतात हे खरे. म्हणून सगळ्या चुकांवर असे बसू नये. एका संध्याकाळी एकच चूक निवडावी आणि बाकीच्यांपुढे फक्त ठिपका ठेवून त्या शिक्षकांसाठी सोडाव्यात. वही अगदी निर्दोष करून पाठवण्याचा अट्टहास सोडायला पालकांना जड जाते, हे मान्य आहे.

आणखी एक. थांबणे म्हणजे खरोखर थांबणे. प्रश्न विचारून तीन सेकंदांत स्वतःच उत्तर देणारे पालक पुष्कळ असतात. मूल छताकडे पाहत असेल तर ते बहुधा विचार करत असते.

मला स्वतःला गणिताची भीती वाटते. तरी शिकवावे का?

गणित शिकवायला न बसणेच बरे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीच्या मुलांची पाहणी झाली. त्यात असे दिसले, की गणिताची भीती असलेले पालक गृहपाठात जितक्या जास्त वेळा मदत करत, तितके त्यांच्या मुलांचे गणित वर्षअखेर मागे पडत होते आणि मुलांच्या मनातही ती भीती उतरत होती. असे पालक फारशी मदत करत नव्हते तेथे हा परिणाम दिसला नाही. ‘माझेही गणित कच्चेच होते’ हे वाक्य मुलाला धीर देण्यासाठी म्हटले जाते, पण मुलाला त्यातून सूट मिळते. अशा घरी गणिताचे बोलणे काकांवर, शेजारच्या ताईवर किंवा शिक्षकांवर सोपवावे आणि आपण बाजारातला हिशेब मुलाकडून करून घ्यावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किलोचा भाव ऐकून पाव किलोचे पैसे सांगणे हेही गणितच आहे आणि तेथे कोणी लाल शाईने खूण करत नाही.

पाठांतर करून घ्यावे का?

पाढे, कविता आणि शुद्धलेखनाचे शब्द यांचे पाठांतर जरूर करून घ्यावे. सातवीचा मुलगा सात आठे किती यावर अडखळत असेल, तर बीजगणितात त्याचे अर्धे लक्ष तेथेच खर्च होते. विज्ञानाची आणि इतिहासाची उत्तरे मात्र गाईडमधून शब्दशः घोकून घेऊ नयेत.

पाठ कसे करावे, याबाबत दोन गोष्टी पक्क्या माहीत आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवून दिले होते, की शिकलेले आपण सुरुवातीला झपाट्याने विसरतो आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील प्रयोगांत दुसरी गोष्ट दिसली : तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. म्हणजे धडा चार वेळा वाचून घेण्याऐवजी एकदा वाचून पुस्तक मिटावे, आठवेल ते सांगावे आणि मग पुस्तक उघडून काय राहिले ते पाहावे. आजी स्वयंपाकघरात नारळ खवत असताना हे सांगणे ऐकू शकते; त्यासाठी तिने तो धडा वाचलेला असण्याची गरज नाही.

शाळेचे प्रोजेक्ट आम्हांलाच करावे लागते. काय करावे?

शाळेच्या प्रदर्शनात एका रांगेत मांडलेले ज्वालामुखी पाहिले, की कोणते आईने केले, कोणते वडिलांनी केले आणि कोणते दुकानातून आले हे शिक्षक दारातूनच ओळखतात. मुलाने केलेला ज्वालामुखी जरा कललेला असतो. कललेला चालेल.

साहित्य मुलाबरोबर जाऊन आणावे, कात्री आणि गरम गोंद ही कामे मोठ्यांनी करावी, बाकी मुलावर सोडावे. विषय निवडायची मुभा असेल तर तो घराजवळचा घ्यावा. गणेश चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या चौकटीला, म्हणजे माटोळीला, बांधलेल्या फळांची यादी करून त्यांतली कोणती बागेतली, कोणती रानातली आणि कोणती कोणाकडून आली हे लिहिले, तर पर्यावरणाचा एक उत्तम प्रकल्प होतो. कांगणे, आटकी, तोरिंगण, चिबूड अशी नावे आजोबांकडून मिळतात आणि इंटरनेटवरून छापून आणलेल्या ॲमेझॉनच्या जंगलाच्या चित्रांपेक्षा त्यात मुलाचे स्वतःचे काही असते. पुस्तकांची गरज पडली तर पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आहे. १८३२ साली सुरू झालेली ही संस्था आहे. मिरामारचे विज्ञान केंद्र विज्ञानाच्या प्रकल्पांसाठी एकदा दाखवून आणावे.

मोबाइल, यूट्यूब आणि चॅट-जीपीटी यांची मदत घेऊ द्यावी का?

समजून घेण्यासाठी घेऊ द्यावी, उतरवून घेण्यासाठी नाही. सरकारच्या दीक्षा मंचावर पाठ्यपुस्तकांशी जोडलेले धडे आहेत आणि अनेक पुस्तकांतल्या क्यूआर कोडवरून ते उघडतात. मात्र पाहणे संपले की मोबाइल दुसऱ्या खोलीत जावा आणि लिहिणे त्यानंतर सुरू व्हावे.

चॅट-जीपीटीसारखी साधने निबंध लिहून देतात, आणि आठवी-नववीच्या मुलांना हे पालकांच्या आधी कळलेले असते. बंदीने फारसे साधत नाही. मुलाला निबंध मोठ्याने वाचायला सांगावा आणि मध्येच एका शब्दाचा अर्थ विचारावा. स्वतः लिहिलेले असेल तर मूल सांगते, नसेल तर गप्प होते. तेव्हा न रागावता ‘आता हेच तुझ्या पाच वाक्यांत लिही’ म्हणावे. ही साधने आत्मविश्वासाने चुकीची माहितीही देतात, हे मुलाला पुस्तकाशी ताडून दाखवून द्यावे.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज गृहपाठ विचारावा लागतो. हे योग्य आहे का?

आजारपणात योग्य, एरवी नाही. ‘आज होमवर्क काय आहे?’ हे रोज आई विचारत राहिली, तर डायरीत लिहून घेण्याची जबाबदारी मुलाकडे कधी येतच नाही. पाचवीपासून एकदोनदा विसरू द्यावे आणि शाळेत जे काय ऐकून घ्यावे लागेल ते ऐकू द्यावे.

ट्युशन लावावी का?

एखाद्या विषयात ठरावीक भाग कच्चा असेल आणि घरात तो समजावणारे कोणी नसेल, तर काही महिन्यांसाठी लावावी. ‘सगळ्यांची आहे म्हणून’ लावू नये. दुपारी दीडला शाळेतून आणि संध्याकाळी सातला शिकवणीतून येणाऱ्या मुलाचा गृहपाठ बहुधा शिकवणीतच उरकला जातो, आणि मग त्याला एकट्याने काय येते हे कोणालाच कळत नाही, ना शाळेला, ना घराला. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे, हेही लक्षात असावे. मुलाच्या स्वतःच्याच वर्गशिक्षकांकडे शिकवणी लावण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो नम्रपणे नाकारावा.

चवथ, नरकासुर, जत्रा आणि शिगमो यांत अभ्यास बुडतो. मुलांना अडवावे का?

अडवू नये. दिवाळीपूर्वी वाड्यावरची मुले नरकासुराच्या पुतळ्याच्या सांगाड्याला कागद चिकटवण्यात रात्री घालवतात, त्यांना पुस्तकापुढे बसवले तरी मन मांडवातच असते. सण आधीच ठाऊक असतात. सुटीत दिलेले काम पहिल्या दोन दिवसांत उरकायचे, असे मुलाशी आधी ठरवावे. शिगमो वार्षिक परीक्षेच्या तोंडावर येतो, तेव्हा दहावीच्या मुलाने रोमटामेळाच्या मिरवणुकीत किती रात्री जायचे हे मात्र घरात बसून ठरवावे लागते.

आम्ही दोघेही शिफ्टमध्ये कामाला असतो. अभ्यासाला कोण बसणार?

वेर्णा-कुंडईच्या कारखान्यांत किंवा किनाऱ्यावरच्या हॉटेलांत काम करणाऱ्या घरांची ही खरी अडचण आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. रोज बसणे शक्य नसेल तर आठवड्यातले दोन ठरावीक वार धरावेत आणि ते मोडू नयेत. बाकीच्या दिवशी मुलाने आजी-आजोबांना धडा सांगावा, आणि घरी आल्यावर आईने किंवा वडिलांनी वही चाळून एक प्रश्न विचारावा. ‘झाला का अभ्यास?’ या प्रश्नाला मूल ‘हो’ म्हणते आणि संवाद संपतो. ‘आज कोणते गणित सुटले नाही?’ याला उत्तर द्यावे लागते.

मूल अभ्यासाला बसले की रडते आणि आमचा आवाज चढतो. थोडे मारले तर बिघडते का?

बिघडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे आणि गोवा बाल कायदा, २००३ नेही शाळेतील मारहाणीला मनाई केली आहे. शाळेत जे कायद्याने बंद झाले ते घरात गृहपाठाच्या नावाने चालू ठेवण्यात अर्थ नाही. आवाज चढू लागला की वही मिटून पंधरा मिनिटे उठून जावे. कौतुक करताना ‘तू हुशार आहेस’ यापेक्षा ‘दोनदा खोडून तिसऱ्यांदा जमवलेस’ असे म्हणावे. कॅरल ड्वेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९९८ मधील प्रयोगांत असे दिसले, की हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढे अपयश आल्यावर लवकर कच खातात आणि प्रयत्नाचे कौतुक झालेली मुले अवघड काम पुन्हा हातात घेतात. मूल सतत उदास असेल, तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

एवढे करूनही मुलाला वाचता येत नाही, अक्षरे उलटी पडतात. हा आळस असेल का?

दुसरी-तिसरीपर्यंत थोडी उलटसुलट चालते. त्यानंतरही मूल तोंडी उत्तरे भराभर देत असेल आणि वाचताना-लिहिताना मात्र अडत असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी तपासणी करून घ्यावी. अध्ययन अक्षमता ही दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी एक आहे; तिचा बुद्धीशी संबंध नाही. आधी शाळेतील समुपदेशकांना भेटावे. बांबोळी येथील मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेतही मार्गदर्शन मिळते आणि पर्वरी येथील सेतू या संस्थेत मुलांच्या विकासाच्या अडचणींवर काम चालते. अक्षमता प्रमाणित झाली तर गोवा शालान्त मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मागता येतात, आणि म्हणूनच हे काम दहावीच्या वर्षापर्यंत पुढे ढकलू नये. ‘मोठा झाला की होईल’ असे म्हणत आठवीपर्यंत थांबलेल्या घरांत मुलाचा आत्मविश्वास तोवर पार खचलेला असतो.

शिक्षकांशी केव्हा आणि कसे बोलावे?

दोन आठवडे तीच अडचण दिसली की बोलावे, निकालाच्या दिवसाची वाट पाहू नये. शाळा सुटताना फाटकापाशी घाईत विचारण्यापेक्षा डायरीत चार ओळी लिहून भेटीची वेळ मागावी. ‘मुलाला काही समजत नाही’ यापेक्षा नेमके लिहिले तर शिक्षकांना काही करता येते. उदाहरणार्थ :

‘माननीय बाई, गेले दोन आठवडे गणिताच्या गृहपाठाला रोज दीड तास लागतो. आकड्यांची उदाहरणे तो पटापट करतो. शब्दांत मांडलेली उदाहरणे मराठीत सांगितल्यास सुटतात, इंग्रजीत वाचून सुटत नाहीत. वहीत जेथे ठिपका आहे तेथे त्याचे अडले आहे. आपल्या सोयीने दहा मिनिटांची वेळ द्यावी. शनिवारी सकाळी मी येऊ शकते.’

चिठ्ठी मराठीत असली तरी चालते. तिची नोंद घेतली जात नसेल तर आठवडाभराने मुख्याध्यापकांना भेटावे, आणि प्रश्न एकट्या मुलाचा नसून सगळ्या वर्गाला जास्त गृहपाठ मिळण्याचा असेल, तर तो पालक-शिक्षक संघाच्या सभेत मांडावा. तेव्हा वहीच्या मागच्या पानावर टिपलेल्या वेळा बरोबर न्याव्यात.